सहकारसम्राट आणि एक प्रश्न

साखर कारखानदारीतल्या पुढाऱ्यांसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : सहकारमहर्षी आणि सहकारसम्राट. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात टोमणा. सहकार म्हणजे एक सभासद, एक मत. तिथे सम्राट कुठून आला, हा त्या जोडशब्दाचा डंख. इंग्रजीत ‘शुगर बॅरन’ म्हटले की साखर उरते, सहकार जातो. हिंदीत ‘मिलमालिक’ म्हणावे तर आणखीच घोटाळा, कारण कागदोपत्री मालक शेतकरी सभासदच असतात. ‘सामना’ या चित्रपटाबद्दल परभाषक मित्रांशी बोलताना मी दर वेळी इथेच अडते.

या शब्दामागे इतिहास आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात असे अनेक कारखाने निघाले. त्यांच्याभोवती पतसंस्था, शाळा, दवाखाने, रस्ते आले. पण कोणाचा ऊस आधी तुटणार, कर्ज कोणाला, नोकरी कोणाच्या मुलाला, हे ठरवण्याची ताकद अनेक ठिकाणी एकाच घरात साठत गेली. तो माणूस निवडून आलेला असे. त्याच्या विरोधात उभे राहणे मात्र गावाला परवडत नसे.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हा आळशी किंवा नाकर्ता खलनायक नाही. त्याने गावाचा कायापालट केला आहे, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. गावात येऊन पडलेल्या दारुड्या, गांधीवादी मास्तरला (श्रीराम लागू) तो आसरा देतो, आपले वैभव दाखवतो. मास्तर त्यातल्या कशालाच नाकारत नाही. तो फक्त मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, एवढेच विचारत राहतो. कारखाना, शाळा, रस्ते यांतले काहीही या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. विकासाच्या जमाखर्चात एक माणूस खर्ची टाकता येतो का, हा चित्रपटाचा खरा वाद आहे. नैतिक अधिकार इथे व्यसनी, निष्कांचन माणसाकडे आहे, हेही लक्षात घ्यावे. तेंडुलकरांनी त्याला संत केलेले नाही.

चार वर्षांनी, १९७९मध्ये, याच जोडीने ‘सिंहासन’ केला. आधार अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचा. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. आता नटांच्या जागा बदलल्या आहेत : लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री दाभाडे झाले आहेत, आणि निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. प्रश्न विचारणे हा दिगूचा पेशाच. त्याला सगळे ठाऊक असते : कोण फुटणार, कोण विकला जाणार. त्या माहितीचे करायचे काय, हे मात्र त्याला उमगत नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव शांतपणे, सभ्यपणे, हिशेबाने खुर्ची सांभाळतात. हिंदुरावासारखी दहशत त्यांना लागत नाही. शेवटी वेड लागते ते दिगूला.

हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहिले की मला नेतृत्वाची कसोटी वेगळी दिसते. नेत्याने काय उभारले किंवा तो किती गोड बोलतो, यापेक्षा त्याच्या राज्यात एखाद्या किरकोळ माणसाचा हिशेब मागता येतो का, आणि मागितल्यावर तो द्यावा लागतो का, हे पाहावे. ‘सामना’त एक प्रश्न गावभर पसरतो आणि हिंदुरावाला गाठतो. ‘सिंहासन’मध्ये सत्तेची सगळी खलबते त्या प्रश्नाला वळसा घालून चालतात.

अनुवादात मी हल्ली ‘सहकारसम्राट’ हा शब्द तसाच ठेवते. वाचक तिथे थोडा अडखळतो. अडखळू दे, ऊसपट्ट्यातला सभासदही त्याच जागी अडला होता.