'शहाणी' झालेली पोर

आमच्या वस्तीत मुलीला पाळी आली की 'पोरगी शहाणी झाली' म्हणतात. माझी थोरली बहीण दहाव्या वर्षीच शहाणी झाली. तिची शाळा सुटली, खेळ सुटला. ती एकटीच बसे, उगाच चिडे, रात्री रडे. आई म्हणे, 'वळण लागलं पोरीला.' घरातला पहिला पदवीधर मी झालो. ती हुशार असून झाली नाही.

वर्गात १८९१ चा संमतिवयाचा कायदा शिकवताना ती मला आठवते. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मेली. तिने दहावे ओलांडले होते, म्हणून कायद्याला तो बलात्कार दिसला नाही; नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मग वय बारा करणारे विधेयक आले. सनातनी म्हणाले, काही मुलींना बाराच्या आधीच न्हाण येते आणि त्यानंतर गर्भाधान हा धर्म आहे. पुण्यात टिळकांच्या 'केसरी'नेही विधेयकाला कडवा विरोध केला. म्हणजे पोरीचे शरीर लवकर वाढले, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला! सुधारकांनी डॉक्टरांचे दाखले आणले, पण वाद शरीराभोवतीच फिरला.

मनाचे दुःख त्याआधीच, १८८५ मध्ये, रखमाबाईने मांडले होते. सुतार समाजातल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईने 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने लिहिले, की बालविवाह आपल्या अभ्यासाच्या आणि मनाच्या वाढीच्या आड आला.

ही रीत आपल्या वस्तीत कुठून आली? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी उत्तर दिले आहे. सती आणि सक्तीचे वैधव्य यांच्याप्रमाणेच बालविवाह हे जात बंदिस्त ठेवण्याचे साधन होते, आणि खालच्या जातींनी वरच्यांचे अनुकरण केले. तेव्हा पोरीला पाळी आली म्हणून तिची शाळा सोडवणारा आपल्यातला बाप, नकळत का होईना, त्याच व्यवस्थेची राखण करतो.

न्हाण लवकर आले म्हणून मन लवकर मोठे होत नाही. दहा वर्षांची पोर दहा वर्षांचीच असते. मोठ्यांच्या नजरा आणि बंधने मात्र तिच्यावर बाईची पडतात. तिची भीती आपण 'वळण' समजतो आणि तिचा राग 'उद्धटपणा'. शिक्षक-कार्यकर्त्यांनो, वर्गातली एखादी पोर अचानक गप्प झाली, तिची जागा रिकामी राहू लागली, तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका. तिच्या घरी जा. माझ्या बहिणीसाठी कोणी आले नव्हते.