छावणीतलं रेशन कोण भरतं?

रोहिंग्यांसाठी जगभरातून मदत जाते, मग त्यांच्या ताटातलं अन्न मध्येच कमी का होतं? हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतो, विशेषतः जकातीचा हिशोब करताना. म्हणून ही मदत चालते कशी, ते आम्ही इथे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट. संयुक्त राष्ट्रांकडे यासाठी भरलेली तिजोरी नाही. जागतिक अन्न कार्यक्रम ही संस्था पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर जवळजवळ तशीच. दरवर्षी गरजेचा अंदाज काढून आवाहन केलं जातं. बांगलादेशात तिथल्या सरकारसोबत मिळून रोहिंग्यांसाठी असा आराखडा बनतो. मग सरकारं आपल्या मर्जीप्रमाणे पैसे देतात. 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या एकूण आवाहनातली निम्मी रक्कमसुद्धा जमली नाही.

याचा अर्थ कॉक्स बाजारमध्ये काय झाला, ते पाहा. ऑगस्ट 2017 नंतर 7 लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून तिथे पळून आले. त्यांना कायदेशीर काम करायची परवानगी नाही, म्हणजे सगळी भिस्त रेशनवर. माणशी महिन्याला 12 डॉलर मिळत. कार्डावर ही रक्कम जमा होते आणि छावणीतल्याच दुकानातून तांदूळ, डाळ, तेल घ्यायचं. मार्च 2023 मध्ये, रमजान तोंडावर असताना, ते 10 डॉलर झाले. जूनमध्ये 8. म्हणजे दिवसाला 27 सेंट! 2024 मध्ये पैसे आले तसा आकडा पुन्हा वर गेला. मार्च 2025 मध्ये, ऐन रमजानात, एप्रिलपासून फक्त 6 डॉलर देऊ असं कळवण्यात आलं. महिना संपायच्या आत निर्णय बदलला आणि 12 वर थांबला. त्याच सुमारास अमेरिकेने 7 कोटी 30 लाख डॉलर जाहीर केले होते. छावणीतल्या आईने महिन्याचं गणित कसं मांडायचं, सांगा.

दुसरी अडचण अटींची. बहुतेक देणगीदार पैसा ठरावीक देशासाठी किंवा कामासाठीच बांधून देतात. जी आपत्ती टीव्हीवरून गेली, तिच्याकडे पैसाही कमी वळतो. अशा वेळी 2006 पासून चालू असलेला सर्फ हा आणीबाणी निधी कामाला येतो, पण तो एकंदर गरजेपुढे लहानच आहे. स्थानिक संस्थांना 25 टक्के निधी शक्य तितका थेट द्यायचा, असं 2016 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ठरलं होतं. मुदत 2020 ची होती, पण गाडी तिथवर पोहोचली नाही. आमच्या मते हीच सगळ्यात मोठी चूक आहे, कारण गल्ली ओळखणारी माणसं तीच असतात.

आता जकातीचं. यूएनएचसीआरने 2019 मध्ये निर्वासित जकात निधी रीतसर सुरू केला. त्यात जकातीची रक्कम 100 टक्के पात्र कुटुंबांना जाते, कार्यालयाचा खर्च त्यातून कापत नाहीत, असा त्यांचा नियम आहे. सगळ्याच संस्था असं करत नाहीत, आणि पगार, गोदाम, ट्रक यांचा खर्च करणं म्हणजे लबाडीही नव्हे. ट्रकशिवाय तांदूळ पोहोचणार कसा? फक्त तो खर्च जकातीतून होतो की सदक्यातून, हे पैसे देण्याआधी विचारावं. पावतीवर "जकात" असं वेगळं लिहून घ्यावं आणि मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल मागावा.