अंबत्तूर : पूर आणि पाणीटंचाई यांच्याशी जुळवून घेणारे उपनगर

प्रतिकूल निसर्गात माणूस कसा तग धरतो, याची उदाहरणे देताना सहसा लडाखचे शीत वाळवंट किंवा राजस्थानातील थरचा उल्लेख होतो. चेन्नईच्या वायव्य भागातील अंबत्तूर या औद्योगिक उपनगराची परिस्थिती निराळी आहे. तेथे पूर आणि पाणीटंचाई ही दोन्ही संकटे एकाच भूमीवर आळीपाळीने येतात.

चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे मिळतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे तीव्र झाल्यास काही दिवसांतच अतिवृष्टी होते. भूप्रदेश सपाट असल्याने पाणी लवकर ओसरत नाही. हाच पाऊस हुकला, तर पुढचा उन्हाळा कठीण जातो.

या दोन्ही संकटांवर पूर्वजांनी एकच उपाय योजला होता. मातीचा बांध घालून तयार केलेल्या तलावास तमिळ भाषेत 'एरी' म्हणतात. एक तलाव भरला की सांडव्यावरून वाहणारे पाणी खालच्या तलावात जाते. अंबत्तूर आणि कोरट्टूर हे तलाव अशाच साखळीचे भाग होत. पावसाळ्यात पुराचा जोर कमी करणे आणि उन्हाळ्यात विहिरींना पाणी पुरवणे, ही दोन्ही कामे तलाव करीत. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे.

१९६४ साली अंबत्तूर येथे औद्योगिक वसाहत स्थापन झाली आणि लोकवस्ती वेगाने वाढली. २०११ साली हे शहर चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाले. पाणलोट क्षेत्रात बांधकामे झाली, तलावांत सांडपाणी मिसळू लागले आणि जुनी व्यवस्था दुबळी झाली. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचे अनेक भाग जलमय झाले. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्या वर्षी जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते अंबत्तूरच्याच उपनगरी मार्गावरील विल्लिवाक्कम येथे उतरवले जाई. पन्नास वाघिणींच्या एका गाडीतून सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. २०१६ साली मिरजेहून लातूरला धावलेल्या पाणी-रेल्वेची आठवण यामुळे अनेकांना झाली.

नागरिकांनी आणि शासनाने नवे मार्गही शोधले आहेत. तमिळनाडू सरकारने २००३ साली सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. छपरावरील पाणी शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडले जाते. घराखाली पाण्याची टाकी बांधणे आणि जोते रस्त्यापेक्षा उंच ठेवणे, ही येथील घरबांधणीची नित्याची पद्धत आहे. २०१० साली मिंजूर येथे व २०१३ साली नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प सुरू झाले. कृष्णेच्या पाण्याचाही चेन्नईला आधार आहे. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातील प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी या शहरासाठी देऊ केले.

तथापि समुद्राचे पाणी गोडे करण्यास मोठी वीज लागते आणि दूरच्या नदीचे पाणी तेथील पावसावर अवलंबून असते. शिवाय यांपैकी कोणताही उपाय पुराचे पाणी सामावून घेऊ शकत नाही. ते काम तलावच करतात. म्हणून अंबत्तूर आणि कोरट्टूर येथील तलाव स्वच्छ व मोकळे राखणे, ही या उपनगराची प्राथमिक गरज आहे.