खत्तचे उष्णोदक

संयुक्त अरब अमिरातीचे नाव घेतले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुबईची बाजारपेठ, तिथले उंच मनोरे आणि त्यांच्यामागे क्षितिजापर्यंत पसरलेली वाळू एवढेच चित्र उभे राहते. परंतु याच मुलखाच्या उत्तरेस, रास अल-खैमाच्या अमलाखालील प्रदेशात, हजर पर्वताची रुक्ष, करडी रांग जेथे जिरीच्या मैदानात उतरते, तेथे खत्त नावाचे एक प्राचीन खेडे आहे, आणि त्या खेड्यात खजुरीच्या बागांलगत सुमारे ४० अंश सेल्सियस उष्णतेचे क्षारयुक्त पाणी भूगर्भातून वर येते. पर्वतावर क्वचितच पडणारा पाऊस चुनखडीच्या भेगांतून खोल झिरपावा, पृथ्वीच्या उदरातील उष्णता आणि वाटेतल्या खडकांतील क्षार त्याने घ्यावेत, आणि पायथ्याशी खडकांचे थर जेथे भंगले आहेत तेथून त्याने पुन्हा प्रकाशात यावे, असा हा क्रम आहे. ज्या भूमीत गोड पाण्याच्या एका विहिरीवरून कबिल्याकबिल्यांत वैर माजत असे, तेथे आपण होऊन वर येणाऱ्या ऊन पाण्याला किती मोल असेल, याची कल्पना बारमाही नद्यांच्या काठी राहणाऱ्याला सहजी यावयाची नाही.

या स्थानाचे प्राचीनत्व केवळ लोकवार्तेवर अवलंबून नाही. बिआट्रिस डी कार्डी या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ विदुषीने वयाची पंचाहत्तरी उलटल्यानंतर, ज्या वयात बहुतेक विद्वान आपल्या जुन्या टिपणांवर समाधान मानतात त्या वयात, आपल्या सहकाऱ्यांसह खत्तचा परिसर पायाखाली घातला आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात येथील पाच हजार वर्षांच्या वस्तीचा आलेख मांडला. कांस्ययुगातील समाधींपासून अलीकडच्या मातीच्या घरांपर्यंत माणूस या पाण्याला धरून राहिला. अर्थात तो मुख्यत्वे स्नानासाठी राहिला असे मानणे भाबडेपणाचे होईल. पाणी आधी खजुरीचे होते आणि मग देहाचे. या प्रदेशात भूगर्भातील वा झऱ्यातील पाणी चरांवाटे बागांपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेस ‘फलज’ म्हणतात. दक्षिणेकडील अल-ऐन शहराजवळच्या हिली येथे सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्या पाळ्यांचे हक्क वंशपरंपरेने चालत आलेले, आणि अल-ऐनच्या ओअॅसिसमध्ये या साऱ्याचा बंदोबस्त पाहणारा ‘अरीफ’ हा अधिकारी सर्वमान्य असे. आमच्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकऱ्याने जे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, तेच हे काम होय.

आता दुखरे सांधे शेकण्यासाठी या पाण्यात हात बुडवून बसणारी माणसे कोण होती ते पाहू. कारण या उपचाराचा खरा इतिहास राजे-अमिरांचा नसून हातांनी पोट भरणाऱ्यांचा आहे. तेल सापडण्यापूर्वी या किनाऱ्याचा प्राण मोत्यांत होता. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत शेकडो गलबते मोत्यांच्या बांधांवर उभी असत. पायाला दगड बांधून पाणबुड्या तळाशी जाई, आणि दोराचा झटका मिळताच वर उभा असलेला ‘सैब’ त्याला हातांनी ओढून वर काढी. हे दिवसातून कित्येक डझन वेळा आणि सबंध हंगामभर चाले. ओला, खारट, खरखरीत दोर, त्याच्या टोकाशी एका माणसाचे वजन आणि त्याचा जीव! मोत्यांच्या कथा सांगणाऱ्यांनी पाणबुड्याच्या श्वासाचे कौतुक पुष्कळ केले, परंतु सैबाच्या बोटांचा विचार फारसा कोणी केला नाही, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. आखातातून निघालेला हा माल मुंबईच्या पेढ्यांवर येई, तेथे त्याची पारख होई, भोके पडत, सर ओवले जात, आणि ‘बसऱ्याचे मोती’ या नावाने तो मराठी घराण्यांतील नथींत आणि तन्मण्यांत जाऊन बसे. आपल्या आजीच्या नथीतील पाणीदार मोती ज्या दोराने वर आला, तो दोर ओढणारा हात हंगाम संपल्यावर कोठे विसावला, हा प्रश्न म्हणून आपल्याला परका नाही.

मुंबईचा आणि या किनाऱ्याचा संबंध केवळ व्यापाराचा नव्हता. १८१९ च्या डिसेंबरात मुंबई सरकारने मेजर जनरल कीर याच्या हाताखाली धाडलेल्या आरमाराने रास अल-खैमा जिंकून घेतले. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींचे शिपाई होते. आणि पुढील वर्षी किनाऱ्यावरील शेखांशी तहनामा झाला. १९६६ पर्यंत येथे रुपयाच चालत होता. इतका दीर्घ शेजार असूनही या मुलखाच्या अंतरंगाविषयी, तेथल्या दुखण्यांविषयी आणि औषधांविषयी, आमच्या भाषेत फारच थोडे लिहिले गेले.

दुखणी होतीच. किनाऱ्यावर दोर आणि वल्ही, डोंगरात कुदळ, बागेत खजुरीच्या बुंध्यावर चढण्याचा आणि घड उतरवण्याचा उद्योग. स्त्रियांच्या वाट्याला दळणे, दूध काढणे आणि खजुरीच्या पात्यांच्या पट्ट्या विणून चटया, टोपल्या करणे. दुबईत अल-मक्तूम इस्पितळ १९५१ साली आणि अल-ऐनमध्ये केनेडी या डॉक्टर दांपत्याचे इस्पितळ १९६० साली सुरू होईपर्यंत येथल्या सामान्य माणसाला आधुनिक वैद्यक जवळजवळ अप्राप्यच होते. सांधे धरले तर तापलेल्या लोखंडाच्या डागण्या, नाही तर वनस्पतींचे लेप, नाही तर उष्णोदक. डागण्यांचा प्रकार आपल्याही खेड्यांत होता, त्यामुळे त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. झऱ्याचा मार्ग अधिक सौम्य आणि, मला वाटते, अधिक शहाणपणाचा होता. खत्तला पुरुषांची आणि स्त्रियांची स्नानस्थाने वेगळी राहिली, आणि एका स्नानाने भागत नाही हे जाणणारी माणसे तेथे पुन्हापुन्हा येत राहिली. या परंपरेला शास्त्राधारही होता: इब्न सिनाच्या ‘कानून’ या ग्रंथात खनिज जलांच्या स्नानाचे गुण चर्चिले आहेत. आणि आपल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात जे तेरा स्वेद सांगितले आहेत, त्यांत अवगाह, म्हणजे ऊन द्रवात अंग बुडवून बसणे, हा एक आहेच.

हाताच्या ज्या विकारासाठी हे स्नान विशेष उपकारक मानले जाते, तो झिजेचा संधिवात. विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याच्या मरणोत्तर, १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोटांच्या अग्रसंध्यांजवळ उठणाऱ्या, लहान वाटाण्याएवढ्या टणक गाठींचे वर्णन आले, आणि संधिवातापासून गाऊटला वेगळे काढण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरले. सांध्यातील कूर्चा झिजते, हाडाला कंगोरे फुटतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मग किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे, पोळी लाटणे, सदऱ्याची गुंडी लावणे ही एरवी लक्षातही न येणारी कामे डोंगराएवढी होतात. स्त्रियांना, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर, हा विकार अधिक गाठतो. ऊन पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवला की प्रथम त्वचा लालसर होते, रक्ताचा ओघ वाढतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावावा, मूठ हलकेच मिटावी आणि उघडावी, आणि पाण्याबाहेर जी हालचाल निम्म्यावर अडत होती ती पाण्यात थोडी पुढे जाते. झिजलेली कूर्चा यामुळे परत येत नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो फसवतो आहे. वेदना आणि ताठरपणा मात्र कमी होऊ शकतो.

यात उष्णतेचा वाटा किती आणि क्षारांचा किती, हा न्याय्य प्रश्न हंगेरीच्या वैद्यांनी कसोशीने हाताळला. कारण त्या देशात ऊन झऱ्यांची विपुलता आहे आणि वैद्याने लिहून दिलेल्या स्नानाला तेथे विम्याचे साहाय्य मिळते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातांच्या संधिवाताचे ६३ रुग्ण तीन गटांत विभागले गेले. दोन गटांनी ३६ आणि ३८ अंशांच्या खनिज जलात तीन आठवडे स्नान केले, तिन्ही गटांना चुंबकीय उपचार मिळाला, आणि स्नान करणाऱ्यांना अधिक आराम पडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मेझोकोवेश्द येथील गंधकयुक्त पाण्याची तुलना साध्या नळाच्या पाण्याशी केली गेली, आणि कौल गंधकजलाच्या बाजूने पडला. हे अभ्यास लहान आहेत, म्हणून त्यांवर मोठी इमारत उभारू नये. खत्तचे पाणी हंगेरीचे नव्हे हेही ध्यानात ठेवावे. परंतु एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: तीन आठवडे, जवळजवळ रोज, ठराविक वेळ. एखाद्या सुटीच्या दिवशी मोटारीने येऊन घटकाभर डुंबून जाणाऱ्याच्या हाती जे लागत नाही, ते झऱ्याशी मुक्काम ठोकणाऱ्या जुन्या माणसाच्या हाती लागत असावे.

१७३९ साली वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी ज्या देवीचे मंदिर उभारले, त्या वज्रेश्वरीला तानसेच्या काठी अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांत आपली माणसे अशीच सांधे शेकत आली. मात्र तेथे देवी आहे, यात्रा आहे, नवस आहे. खत्तचे झरे देवस्थान झाले नाहीत. तेथे उपचार हा उपचारच राहिला.

१९५८ साली अबू धाबीत तेल सापडले, १९७१ च्या डिसेंबरात संघराज्य झाले, आणि पुढील फेब्रुवारीत रास अल-खैमा त्यात सामील झाले. झऱ्यापर्यंत डांबरी सडक आली, टेकडीवर हॉटेल आले. दक्षिणेस अल-ऐनला जबल हफीतच्या पायथ्याशी ऊन पाण्यासभोवती हिरवळ आणि स्नानगृहे उठली. आज सुटीच्या दिवशी दुबई-शारजाहून येणाऱ्यांत मराठी कुटुंबेही असतात, आणि भारतातून महिना-दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईला त्या पाण्याशी बसवले की ती आधी हातच पुढे करते. बोअरिंगच्या विहिरींनी दरम्यान भूजल इतके खाली नेले की देशातील अनेक फलज कोरडे पडले, आणि अल-ऐनच्या फलजांना विहिरींच्या पाण्याची जोड द्यावी लागली. खत्तचा झरा पावसावर जगतो. पाऊस चुकलेल्या वर्षांत तो क्षीण होतो. तेथे पाण्याची पाळी ठरवताना पूर्वी खजूर आणि देह एवढेच दोन दावेदार होते. आता हॉटेलाचे तलाव हा तिसरा आहे, आणि या तिघांचा निवाडा करणारा अरीफ कोठे नेमलेला नाही.