घारापुरीचा दगडी हत्ती

७. ‘बेटावरचा दगडी हत्ती’ : शिंदखेड्याहून सहलीला गेलेल्या लेखकाला हा हत्ती घारापुरीला सापडला नाही, कारण तो आता तिथे नाही. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४मध्ये त्याचे तुकडे मुंबईत राणीच्या बागेत आणले गेले. १९१४मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे; अंगावरचे सांधे नीट पाहावेत. या हत्तीप्रमाणेच पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरचे अनेक मोआई पुतळेही मूळ जागेवरून, म्हणजे खाणीतून, दूरवर नेले गेले. घारापुरीच्या लेण्यातली सदाशिवाची साडेपाच मीटर उंच मूर्ती मात्र डोंगरातच कोरलेली आहे. त्या डोंगराचा काळा बेसॉल्ट दगड आपल्या तापीकाठच्या शिवारातही आहे. – संपा.