पांढऱ्या पट्ट्यांची वाट

पूर्वीचा वाटसरू घनदाट रानांतून जातांना झाडाच्या सालीवर कुऱ्हाडीचा घाव घाली. मागून येणाऱ्यास तीच खूण. अमेरिकेच्या ॲपालेशियन पायवाटेवर घावाची जागा आतां रंगानें घेतली आहे. दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे हे पांढरे पट्टे जॉर्जियांतील स्प्रिंगर शिखरापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा संस्थानांतून, सुमारें २,१९० मैल चालणाऱ्याची सोबत करतात. एकावर एक दोन पट्टे दिसले कीं पुढें वळण आहे असें समजावें. निळा पट्टा आडवाटेचा.

ही कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञांनीं १९२१ सालीं मांडली. शहरी धकाधकीनें शिणलेल्या माणसास डोंगरमाथ्यावर विसावा मिळावा, हें त्यांचें स्वप्न. तें जमिनीवर उतरविलें मायरन एव्हरी या वकिलांनीं. हातांत मापनचक्र घेऊन त्यांनीं मैलामागून मैल मोजले, गांवोगांवच्या हौशी मंडळांस कामाला लावलें, आणि १९३७ सालीं वाट अखंड जोडली गेली.

परंतु या दोघांचें पटलें नाहीं. व्हर्जिनियांत शेनान्डोआच्या माथ्यावरून सरकारनें मोटाररस्ता काढला. त्यासाठीं वाट बाजूस सारावी लागली. मोटारींचा गोंगाट येथवर आला तर या वाटेचें प्रयोजन काय, असा मकाय यांचा सवाल होता. वाट सरकली तरी चालेल, ती तुटतां कामा नये, असें एव्हरी यांचें उत्तर होतें. १९३५ च्या सुमारास दोघे कायमचे दुरावले.

पुढें १९३८ चें चक्रीवादळ आलें, नंतर महायुद्ध. निगेवांचून वाट ठिकठिकाणीं बुजली. युद्धांत जिवलग मित्र गमावलेला अर्ल शेफर हा तरुण १९४८ सालीं एकटाच निघाला. पट्टे पुसट झालेल्या रानांतून मार्ग शोधीत त्यानें १२४ दिवसांत शेवट गांठला. वाटेच्या कारभाऱ्यांचा प्रथम त्यावर विश्वास बसेना!

१९५१ सालीं वाट पुन्हां सांधली गेली, आणि १९६८ च्या कायद्यानें तिला राष्ट्राचें संरक्षण लाभलें. मकाय यांना हवें असलेलें रान राखण्याचें काम कायदा करतो. एव्हरी यांचें काम मात्र कायद्यानें होण्यासारखें नाहीं. रंग उडतो, झाड उन्मळतें, पाऊलवाटेवर झुडपें माजतात. म्हणून रंगाचा डबा व कुंचला घेऊन स्वयंसेवकांना पुन्हां पुन्हां डोंगर चढावा लागतो.