शिकवलेल्या घोड्याचा सौदा

‘घोडामैदान जवळ आहे’ ही म्हण आपण परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत वाटेल तेथे योजतो. परंतु तिच्या रूपावरूनच उघड दिसते की, ती मूळची घोडा पारखणाराच्या तोंडची असली पाहिजे. घोड्याचे रूप ठाणावर पाहता येते, वय दातांवरून काढता येते, खूर उचलून तपासता येतात. पण तो लगाम मानतो की नाही, तोफेच्या आवाजाने बुजतो की नाही, गर्दीत लाथ झाडतो की काय, हे ठाणावर कळत नाही. त्याला मैदानच पाहिजे. आणि खरे म्हणजे मैदानही अपुरेच पडते. सौदागराचा चाबुकस्वार पाठीवर असता जो घोडा दुडकी, रहवाल आणि भरधाव या सर्व चाली निमूटपणे दाखवितो, तोच नव्या धन्याच्या मांडीखाली अडेल होऊन बसतो. शिक्षण हा घोड्याच्या अंगचा गुण खरा, पण त्याचा निम्मा भाग स्वाराच्या हातात असतो. आणि हात काही घोड्याबरोबर विकला जात नाही. अश्वव्यापाराच्या इतिहासात घोडे नेहमी येथेच पेंड खाते.

आपल्याकडील गिऱ्हाईक भोवऱ्यांकडे इतके का पाही, याचा उलगडा मला यातच दिसतो. शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याच्या अंगावरील केसांच्या भोवऱ्यांना शुभाशुभ फळे सांगितली आहेत. देवमण असलेला घोडा भाग्याचा, पंचकल्याणी मंगल, एकच पाय पांढरा असलेला अर्जल मात्र वर्ज्य. आज हे भोळेपणाचे वाटते. परंतु जे खरोखर पाहावयाचे ते दिसत नसल्यावर मनुष्य जे दिसते त्यावरच भिस्त ठेवणार. शिवाय भोवरा सौदागराला बदलता येत नाही. दात कानशीने घासता येतात आणि उधळणाऱ्या जनावराला थोडी अफू चारून सौद्यापुरते गरीब करता येते.

ही लबाडी राज्यकर्त्यांनाही जाचत असे. ज्या अल्लाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये देवगिरीवर घाला घातला, त्यानेच पुढे दिल्लीच्या बाजारात घोड्यांचे दर बांधून दिले. पहिल्या प्रतीचा घोडा 100 ते 120 टंक, दुसऱ्या प्रतीचा 80 ते 90, आणि तट्टू 10 ते 25, असे आकडे बरनीने नोंदले आहेत. दलाल दोन्ही बाजूंकडून पैसे खातात म्हणून त्यांतील बड्यांना त्याने किल्ल्यांत नेऊन टाकले. त्या दरांचा पाया मात्र घोड्याची प्रत हाच होता. शिक्षणाचा दर सुलतानालाही बांधता आला नाही.

आपल्या प्रांतातील सर्वांत बोलका दाखला एका परदेशी माणसाचा आहे. 1470 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतावर घालून चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. नगर शहर तेव्हा वसलेच नव्हते. पुढे ज्या मलिक अहमदाने निजामशाही स्थापिली व नगर वसविले, त्याचा उदय याच जुन्नरातून झाला. निकितिनने त्या एका घोड्यासाठी शंभर रूबल खर्चिले होते. तेथला बहामनी अंमलदार असदखान याने तो घोडा हिसकावून घेतला आणि सांगितले की, चार दिवसांत मुसलमान झालास तर घोडा परत मिळेल, वर हजार मोहोरा मिळतील. न झालास तर घोडाही जाईल आणि हजार मोहोरा दंडही बसेल. सगळे भांडवल चार पायांवर उभे, आणि ते दुसऱ्याच्या तबेल्यात! अखेरीस एका खोरासानी अधिकाऱ्याने रदबदली केल्यामुळे घोडा सुटला. निकितिनने तो बीदरास नेऊन विकला. पण तोपर्यंत वर्षभर त्याला पोसणे भाग पडले होते. या देशात घोड्यांना वाटाणे आणि साखर-तेल घालून खिचडी चारतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. उभ्या जनावराचा खर्च रोज चालू असतो, ही गोष्ट विकणाराला घाईस आणते आणि घेणाराला ती बरोबर ठाऊक असते.

निजामशाहीची ही गरज पुढे राजकारणालाही वळण देऊ लागली. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांस चौलास कोट बांधू दिला, त्यात घोड्यांची आयात निर्वेध चालावी हा मोठा हेतू होता. समुद्रापलीकडील घोड्यांचे रक्त देशी तट्टांत मिसळून भीमथडीची काटक जात तयार झाली, असे मानतात.

मराठ्यांच्या फौजेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. सभासदाने पागेची व्यवस्था दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पागेतील घोडा व स्वार एकाच शिस्तीत वाढत, त्यामुळे शिकवलेले जनावर बाजारात शोधण्याची गरज कमी पडे. शिलेदाराचे तसे नव्हते. त्याचा घोडा हीच त्याची शेती, हेच त्याचे वतन. तो लंगडा निघाला किंवा पडला, तर दुसरा घेण्यास सावकाराचे दार. आणि तेही बंद असेल तर शिलेदारकी जाऊन बारगिरी पत्करावयाची. चांगल्या घोड्यासाठी तो गाठीचे सर्व काही का ओती आणि तोच घोडा लढाईत पुढे घालताना हात का आखडे, याचे कारण दुसरीकडे शोधण्याची गरज नाही. घोडा गोल फिरवून शिकविण्याला ‘कावा’ म्हणत. पुढे त्याच शब्दाला डावपेचाचा अर्थ चिकटला, यात रणांगणाप्रमाणे बाजाराचाही काही हिस्सा असावा, असा मला दाट संशय आहे.

इंग्रजांनी शिलेदारी मोडली नाही, उलट वापरली. पुण्याच्या तहान्वये 1817 मध्ये उभी राहिलेली स्वारांची फौज शिरूरास असे. नगरची हद्द तेथून घोडनदीच्या पलीकडे लागते. शिलेदारी रिसाल्यांत पुढे स्वाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापून घोड्यांचा फंड ठेवू लागले. म्हणजे घोडा मेल्याचा धक्का एकट्याने सोसावयाचा तो सर्वांत वाटला गेला. पहिल्या महायुद्धाच्या ताणाखाली ही पद्धत कोलमडली आणि 1921 च्या सुमारास संपली. तोपर्यंत नगरास लष्करी घोड्यांचा सरकारी डेपो झालेला होता. तेथील व्यवहारातील मुद्द्याची गोष्ट अशी की, सरकार शिकवलेला घोडा शोधीतच नसे. ऑस्ट्रेलियातून येणारी वेलर जातीची जनावरे तरुण आणि कच्ची घ्यावयाची, हाडपेर व प्रकृती तपासावयाची, आणि शिक्षण आपल्या माणसांकडून द्यावयाचे. सौदागराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा प्रसंगच टाळला. शेकडो वर्षांच्या फसगतीवर काढलेले हे उत्तर मला अत्यंत शहाणपणाचे वाटते. परंतु ते श्रीमंत सरकारला परवडणारे होते. ज्याला एकच घोडा घ्यावयाचा आणि उद्याच त्यावर बसावयाचे, त्याच्या उपयोगाचे ते नव्हते.

1948 पासून नगर हे चिलखती दलाच्या शिक्षणाचे ठाणे झाले, आणि रिसाल्यांची जुनी नावे आता रणगाड्यांवर आहेत. घोड्यांचा बाजार मात्र सर्वस्वी उठलेला नाही. कोपरगावच्या शेजारी येवल्यास दसऱ्याच्या सुमारास, आणि खानदेशात सारंगखेड्याच्या यात्रेस, तो अजून भरतो. तेथे आज किंमत चढते ती वरातीत नाचणाऱ्या घोड्याची. हलगी वाजली की मालकाचा मनुष्य लगाम धरून त्याला नाचवितो, भोवती गर्दी जमते, रुमालाआड बोटे दाबून बोली होते. जाणते गिऱ्हाईक तेवढ्यावर पैसे मोजीत नाही. ते हलगी थांबवावयास सांगते, लगाम स्वतःच्या हातात घेते, आणि मग पुन्हा वाजवा म्हणते.